मागच्या माणसाचं काम

आमच्या ट्रॅक्टरला दोन माणसं लागत. एक वर बसायला, एक मागे उभं राहायला. वर महिपत बसायचा. मागे मी.

ट्रॅक्टर लहानसाच आहे. आंब्याच्या फांद्यांखालून जाईल एवढा. दोन्ही घरांनी मिळून घेतलेला. पावस गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे, नुसता उघडा कातळ. त्याच्या उतरणीवर आधी महिपतची बाग लागते आणि पुढे वळणाखाली माझी. रस्ता एकच, दोघांचा. महिपतच्या बागेच्या माथ्यावरून तो सरळ येतो आणि वळण घेऊन माझ्याकडे उतरतो. दर वर्षी वैशाखात हा रस्ता आम्ही सारखा करतो. त्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पातं लावतो.

पातं ट्रॅक्टरला तीन ठिकाणी धरलेलं असतं. खाली दोन हात आणि वर मधोमध एक दांडा. या वरच्या दांड्याला टॉप लिंक म्हणतात. ती फिरवून लांब किंवा आखूड केली की पातं पुढे झुकतं नाहीतर मागे. उजव्या हाताला वरून धरणारा आणखी एक आट्यांचा दांडा असतो. तो फिरवला की पातं एका अंगाला कलतं. हे फिरवायचं काम मागच्या माणसाचं. महिपत ट्रॅक्टर थांबवायचा, मी वाकून दांडा फिरवायचो आणि 'हां' म्हणायचो, मग ट्रॅक्टर पुढे. थोडं गेलं की कातळाचा उंचवटा लागायचा. पुन्हा थांब, पुन्हा वाक. धूळ सगळी माझ्या वाट्याला. संध्याकाळी महिपत हसायचा.

"विठू, मिशी झटकू नकोस. भात पेरू तिच्यात."

महिपत माझ्या धाकट्या बहिणीचा, मालनचा नवरा. पण तिचा नवरा होण्याआधी तो माझा मित्र होता. आम्ही एकत्र गुरं राखली, एकत्र खेकडे धरले, आणि एकमेकांसाठी मारही खाल्ला. चारचौघांत मी त्याला भावोजी म्हणतो, बहिणीच्या घराचा मान म्हणून. दोघंच असलो की महिपत आणि अरे-तुरे.

या रस्त्याचा उतार कसा असावा हे आमच्या बापांनी ठरवलेलं. रस्ता खोदला तेव्हा सगळी वाडी पडजीला आली होती. ज्याचं काम त्याच्याकडे सगळ्यांनी एक दिवस राबायचं, याला पडजी म्हणतात. तेव्हा दोन्ही घरं माझ्या बागेतल्या बावेचं पाणी पीत. बाव म्हणजे विहीर. फार खोल नाही, कातळात तेवढीच झाली. तिला पाणी येतं ते सड्यावरून. म्हणून रस्त्याची डोंगराकडची कड खाली ठेवायची आणि दरीकडची वर. असं केलं की सड्यावरचं पाणी रस्ता ओलांडत नाही, डोंगराच्या कडेने वळणापर्यंत वाहत येतं, आणि वळणाखालच्या खड्ड्यात मुरत राहतं. तेच पुढे उन्हाळ्यात बावेला लागतं. उतार उलटा केला, तर पाणी रस्ता ओलांडून सरळ महिपतच्या जमिनीत पडेल आणि वळणाला थेंब येणार नाही. हे दोन्ही घरांना माहीत होतं. म्हणून कोणी ते कधी बोलूनही दाखवत नसे.

वळणावर राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. काम सुरू करण्याआधी तिथे एक नारळ फोडायचा. दोघांनी मिळून. महिपत गाऱ्हाणं घालायचा, मी 'होय महाराजा' म्हणायचो. "बा राखणदारा, बापजाद्यांनी घालून दिलंय तसंच करतो आहोत, चुकलंमाकलं पोटात घाल, दोन्ही घरांच्या चुली पेटत्या ठेव." नारळाचं एक शकल त्याच्या घरी, एक माझ्या. दुसरा करारमदार आमच्यात नव्हता, आणि कधी लागलाही नव्हता.

नंतर महिपतच्या घरी नळ आला, बोअर झाली. त्याला बावेची गरज उरली नाही. मला होती. दोन पावसाळ्यांआधी मी खालच्या कातळावर नवी कलमं लावली. सुरुंग लावून खड्डे केले आणि खाडीकाठची माती वाहून भरली. माझ्या वयाला हे शोभत नाही असं माझी बायको कमळा म्हणाली. "आंबा लागेल तेव्हा तुम्ही असाल का?" असंही तिने विचारलं. मी म्हटलं, "आंबा तर असेल!" कातळावरच्या कलमाला पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी मिळालं तर ते मूळ धरतं. नाही मिळालं तर वैशाखात पान गुंडाळतं आणि जातं. बाव शेवटपर्यंत टिकली तरच ही कलमं टिकणार होती.

आणि नेमका माझा गुडघा गेला. वाकलो की उठता येईना.

एकदा वाकलेला मी पात्याला धरून कसाबसा उभा राहिलो. महिपतने मान वळवून ते पाहिलं. त्याने ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि दगडी गडग्यावर माझ्याशेजारी येऊन बसला.

"हे बस झालं तुझं," तो म्हणाला. "अस्लमला सांगून जॅक बसवू. टॉप लिंकच्या जागी एक आणि या उजव्या दांड्याच्या जागी एक. वर बसल्या बसल्या लिव्हर ओढला की पातं हवं तसं कलेल. खाली माणूसच नको."

"आणि मी काय करू?"

"घरी बसून कमळावहिनीच्या शिव्या खा. खर्चाचं मी बघतो, तू मध्ये पडू नकोस."

मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू! घरी येऊन कमळाला सांगितलं, तर ती तांदूळ पाखडत होती, तिने सूप थांबवलं नाही.

"भावोजी एवढे कधीपासून दुसऱ्याच्या गुडघ्याची काळजी करायला लागले?"

"तुझ्या जिभेला पण एक जॅक बसवून घेतो अस्लमकडून," मी म्हटलं.

अस्लम पावसच्या नाक्यावर वर्कशॉप चालवतो. बरीच वर्षं कुवेतला अवजड यंत्रांवर होता. मी रोज त्याच्याकडे जाऊन बसायचो. ट्रॅक्टरला मूळचाच तेलाचा पंप असतो, त्यावरच मागचे हात उचलले जातात. अस्लमने त्या तेलाच्या वाटेत सीटच्या बाजूला एक वाल्व बसवला, त्याला दोन लिव्हर. तिथून चार रबरी पाइप मागे नेले, प्रत्येक जॅकला दोन. एकातून तेल आत गेलं की जॅक लांब होतो, दुसऱ्यातून गेलं की आखूड. तेल परत टाकीकडे जायची वाट मोकळी नसेल तर पंप फुटतो, म्हणून ती त्याने पुन्हा पुन्हा तपासली. जुना आट्यांचा दांडा आणि जुनी टॉप लिंक काढून त्याने कोपऱ्यात टाकली. मी ती दोन्ही उचलून ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळली. अस्लमने पाहिलं.

"काका, म्हातारी झाली ती. आता तिला पेन्शन आणि तुम्हालाही."

"राहू दे. लोखंड आहे, खायला मागत नाही."

पहिल्यांदा महिपतने वर बसून लिव्हर ओढला तेव्हा पातं उजवीकडे कलायच्या ऐवजी डावीकडे कललं, तेही झटके खात. अस्लम पोट धरून हसला.

"सांगितलं की उलटं! घरात आमच्या बायकोचं, बिल्किसचंही असंच आहे. थांबा, पाइप अदलाबदल झालेत. आणि झटके म्हणजे तेलात हवा. चार वेळा आत-बाहेर करा, निघून जाईल."

पाइप बदलले. मग पातं असं वळायला लागलं, जसा माणूस झोपेत कूस बदलतो. महिपत एका बोटाने लिव्हर ओढत होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं तो आनंद मला दाखवतो आहे.

त्याच हिवाळ्यात महिपतने बागेत शेततळं खोदलं. त्याचा मुलगा हर्षद मुंबईहून परत आला होता, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधत होता. समोर पाणी दिसलं की लोक येतात म्हणे. मोठा खड्डा, त्यात काळं प्लास्टिक. मी विचारलं, "यात पाणी कुठलं?" महिपत म्हणाला, "बोअरचं. सोडू हळूहळू." मी मान डोलावली. आमच्या सड्याची बोअर कळशी भरायला किती वेळ घेते हे मला ठाऊक होतं. पण मेव्हण्याच्या तळ्याचा हिशोब मी कशाला करू?

वैशाखात रस्त्याचं काम निघालं. आदल्या दिवशी महिपत सांगायला आला.

"तू वर चढू नकोस. ऊन फार आहे. मी एकटा पुरे."

"नारळ?"

"तो मी फोडतो ना. तुझं शकल आणून देतो."

मी अंगणात बसून ट्रॅक्टरचा आवाज ऐकला. पूर्वी तो आवाज थांबत थांबत यायचा, मी वाकलो की थांबायचा. आता तो न थांबता एकसारखा येत होता. मला बरं वाटत होतं. संध्याकाळी महिपत नारळाचं शकल घेऊन आला, पानात गुंडाळलेलं, वर गुलाल. चहा प्यायला. "झकास झाला रस्ता," म्हणाला. कमळाने त्या रात्री त्या खोबऱ्याचं वाटप लावून बांगड्याची आमटी केली, आणि मी दोनदा भात घेतला.

पावसाळ्यात मी वर गेलो नाही. शेवाळावर गुडघा सांभाळत कोण चढणार? बाव काठोकाठ भरली होती. पावसात सगळ्यांच्याच बावी भरतात, त्यावरून काही कळत नाही.

कळलं ते थंडी सरताना. रहाटाला दोर कमी पडायला लागला. मी गाठ मारून दोर वाढवला. पुढे पोहरा तळाला लागून वाजायला लागला. शिमगा अजून आला नव्हता. इतक्या लवकर बाव कधी उतरली नव्हती, माझ्या बापाच्या वेळेलाही नाही. कमळा म्हणाली, "वर जाऊन बघा तरी." मी काठी घेऊन वर गेलो, बसत बसत.

वळणाखालचा खड्डा पाहिला. त्यात गाळ बसलेला नव्हता. दर पावसाळ्यात तिथे गुडघाभर गाळ येतो. या वर्षी नुसतं वाळलेलं गवत. मग मी रस्त्यावर आलो आणि उभा राहिलो.

ज्याने आयुष्यभर तो उतार हाताने धरला त्याला तो बघावा लागत नाही, तळव्यांना कळतो. मी डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो, तर माझी टाच खाली गेली. टाच दरीकडे होती. मी चालत गेलो. वळणापासून वरच्या टोकापर्यंत सगळा रस्ता दरीकडे कललेला, साफ, एकसारखा, कुठे चुकलेला नाही. पाणी रस्ता ओलांडून गेल्याच्या खुणा होत्या. त्या सगळ्या खाली एका जागी जात होत्या. तिथे महिपतचं तळं उन्हात चकाकत होतं, भरलेलं.

मी तिथूनच त्याच्या घरी गेलो. मालन मागच्या परड्यात होती. महिपत ओटीवर सुपारी कातरत होता.

"महिपत, रस्ता उलटा कललाय."

त्याचा अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला. "हो रे. मलाही नंतर दिसलं. तो जॅक आपोआप खाली बसतो. अस्लमचा माल हलका. आपण इकडे कलवावं आणि चालता चालता दांडी आत जावी. एकटा होतो, मागे बघायला कोणी नाही. पुढच्या वेळी नीट करू."

"बाव आटली माझी."

"अरे काय सांगतोस!" तो म्हणाला. "आमच्या नळाचं घेऊन जा लागेल तेवढं."

मला ते खरं मानायचं होतं. घरी येईपर्यंत मी स्वतःला पटवतही आणलं होतं की जॅक बसत असेल, रबर खराब असेल. यंत्र चुकलं असेल तर महिपत माझाच राहणार होता. म्हणून दुसऱ्या दिवशी अस्लमकडे गेलो, त्याच्यावर ओरडायला तयार होऊन.

अस्लम चिडला. "काका, माझ्या हातचा जॅक बसत नाही. तोंडाशी लॉक वाल्व दिलाय. लिव्हर हलवल्याशिवाय तेल जाणारच नाही."

"महिपत सांगतो."

"ते मला नका सांगू. ट्रॅक्टर आणा."

महिपतकडे सर्व्हिसिंगचं निमित्त सांगून अस्लमच ट्रॅक्टर घेऊन आला. पातं उचललं, एका अंगाला पूर्ण कलवलं, आणि खालच्या कोपऱ्यावर आम्ही जांभ्याचे चिरे रचले, जितके राहतील तितके. जॅकच्या चकचकीत दांडीवर त्याने खडूने रेघ मारली आणि इंजिन बंद केलं. आम्ही चहा घेतला. अस्लम नमाजाला जाऊन आला. बिल्किसने डबा पाठवला होता, तो खाल्ला. मी त्या रेघेकडे बघत बसलो होतो. ती हलावी असं मला वाटत होतं. असं कधी कुठल्या यंत्राबद्दल मला वाटलं नव्हतं, की ते बिघडलेलं निघावं.

रेघ होती तिथेच राहिली.

अस्लमने माझ्याकडे पाहिलं आणि चिरे उतरवायला लागला. "चालवणाऱ्याला सवय नसेल," तो पुटपुटला. माणूस चांगला आहे. तेवढी एक फट त्याने माझ्यासाठी ठेवली.

त्या फटीत मी शिमग्यापर्यंत राहिलो. पालखी महिपतच्या अंगणात आली तेव्हा गाऱ्हाणं घालायला मलाच पुढे केलं, वयाने मोठा म्हणून. सगळा गाव उभा. तिथे मी दोन शब्द जास्त बोललो असतो तर पुरलं असतं. महिपत हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होता, घामाघूम. मागे मालन नवं लुगडं नेसून ओटीचं ताट घेऊन उभी होती. ती त्याच घरात राहते. मी रोजचंच गाऱ्हाणं घातलं.

दुसऱ्या दिवशी मालन पुरणपोळ्या घेऊन आली. कमळा नळाचं पाणी कळशीने कलमांना घालत होती. मालनने पदर खोचला आणि ती पण वाहायला लागली. वरच्या ओळीची पानं गुंडाळलेली होती. तिने एक पान हातात घेतलं.

"दादा, राखणदार रागावला असेल रे."

"का गो?"

"गेल्या वैशाखात नारळ घरी फोडला ना. मी म्हटलं होतं यांना, वळणावर जाऊन फोडा, हे असं पायरीवर काय? तर म्हणाले, आज तिथे नको. सकाळी सकाळी पायरीवर आपटला, गुलाल लावला आणि गेले. गाऱ्हाणं पण नाही घातलं. मला तेव्हाच कसंतरी वाटलं. पुढच्या वेळी तू जा बाबा बरोबर."

कमळा कळशी घेऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत.

मालनला वाटत होतं, नारळ वळणावर फोडला नाही म्हणून बाव आटली. ती चुकत होती, आणि फार चुकतही नव्हती. हात चुकणारा माणूस आधी वळणावर नारळ फोडतो आणि मग चुकतो. महिपतने सकाळीच, ट्रॅक्टर चालू करण्याआधीच, घरी फोडला. जे करायचं होतं ते मनात घेऊन राखणदारापुढे उभं राहायची त्याची छाती झाली नाही. दगडापुढे झाली नाही, माझ्यापुढे झाली. ते शकल मला आणून द्यायला, माझ्या अंगणात बसून चहा प्यायला त्याला काही वाटलं नाही. आणि मी ते खोबरं चवीने खाल्लं.

"दादा, काय झालं?" मालन विचारत होती.

"काही नाही गो. ऊन लागलं."

महिपतला मी वळणावर बोलावलं. तो आला, पण दगडापासून लांब, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला.

"जॅक बसत नाही," मी म्हटलं. "अस्लमकडे बघून आलो."

"मग माझा हात चुकला असेल."

"नारळ घरी फोडलास."

त्याने वर पाहिलं. "मालनने सांगितलं?"

"तिला माहीत नाही तिने काय सांगितलं ते."

तो एकदम भांडायला आल्यासारखा बोलला. "पाणी पावसाचं आहे, विठू. कुणाच्या बापाचं नाही."

"बापांचंच आहे. माझ्या आणि तुझ्या."

"हर्षदने खोल्या बांधल्या, तळं खोदलं. तळ्यात बेडूकसुद्धा राहीना. पोरगा परत मुंबईला जायच्या गोष्टी करायला लागला. मी काय करू?"

"मला सांगायचं होतंस. खड्डा भरला की वरचं पाणी तुझ्याकडे सोडलं असतं. निम्मं पाणी तर पावसात असंच खाली जातं."

"तू दिलं असतंस?"

"तू मागितलं नाहीस!"

मला एकच विचारायचं होतं, ते मी विचारलं. "महिपत, जॅक माझ्या गुडघ्यासाठी बसवलेस, की मी मागे नको म्हणून?"

"गुडघ्यासाठी," तो लगेच म्हणाला. "शपथ."

"दगडावर हात ठेवून सांग."

दगड त्याच्यापासून चार पावलांवर होता. तो हलला नाही. म्हणाला, "सुरुवातीला गुडघ्यासाठीच. खरंच रे. मग..." आणि पुढे बोललाच नाही. ते अर्धं वाक्य मी घरी घेऊन आलो. खूप दिवस मी त्यात कुठपर्यंत गुडघा आणि कुठून पुढे तळं, हे शोधत होतो. ते त्यालाही माहीत नसावं.

मी वाडीत कोणाला सांगितलं नाही. फक्त अस्लमकडे गोणपाट नेलं. त्याने आतली टॉप लिंक आणि आट्यांचा दांडा बाहेर काढला, पुसला.

"पुन्हा हेच? काका, तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा मी बघतो."

"पाइप काढून टाकू?"

"राहू देत. तोंडं बंद कर."

त्याने जॅक उतरवले, पाइपांच्या तोंडाला टोपणं लावली, आणि जुना दांडा आणि टॉप लिंक आपापल्या जागी बसवली. महिपतने विचारलं नाही.

वैशाखात काम निघालं. वरच्या ओळीतली कलमं तोवर गेली होती. खालची कमळाने आणि मालनने नळाच्या पाण्यावर राखली. मालनला आता कळलं होतं. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, मी नाही. ती रोज येऊन न बोलता कळशा वाहायची, आणि तिच्या घरी ती किती बोलत असेल ते महिपतच्या चेहऱ्यावर दिसायचं.

सकाळी आम्ही दोघं वळणावर गेलो. नारळ महिपतने आणला होता. त्याने गाऱ्हाणं घातलं, आवाज खाली. 'बापजाद्यांनी घालून दिलंय तसंच' या शब्दांशी अडखळला, मग म्हणाला. मी 'होय महाराजा' म्हटलं, कारण ते राखणदाराला म्हणायचं असतं.

मग तो वर बसला आणि मी मागे उभा राहिलो. त्याने ट्रॅक्टर थांबवला की मी पात्याला धरून वाकायचो, दांडा फिरवायचो, पुन्हा पात्याला धरून उठायचो. त्याला वेळ लागायचा. तो मान वळवून बघायचा, मदतीला उतरावं की नाही असं त्याला होत असावं. मी 'हां' म्हटलं की तो पुढे बघायचा. टपोरे खडे उडत होते, मिशी धुळीने भरली होती. ती नेहमीची गंमत तो बोलला नाही.

उन्हं उतरली तेव्हा आम्ही वरच्या टोकाला पोचलो. मी रस्त्यावर उभा राहून तळव्यांनी पाहिलं. डोंगराकडची कड खाली, दरीकडची वर. येत्या पावसाचं पाणी वळणाला येणार होतं.

महिपतने इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. तो खाली उतरला, डोक्याचं फडकं सोडलं. डब्यातून माझं नारळाचं शकल काढून त्याने माझ्यापुढे धरलं. राखणदाराचा नारळ नाकारत नाहीत, म्हणून मी ते घेतलं.

"झालं ना आता, विठू?" त्याने विचारलं. "झालं ना सगळं नीट?"

आसपास कोणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो.

"उतार झाला, भावोजी," मी म्हटलं, आणि काठी शोधायला वळलो.